कुमुदची उघडी फाइल

गेली सहा वर्षं भालचंद्र खोतांनी घराला कुलूप लावलं नव्हतं. वीज गेली तर इन्व्हर्टरकडे बघायला घरात कोणीतरी हवं.

मेलेल्या माणसाचा आवाज वर्षभराने शहराच्या सामायिक साठ्यातून पुसायचा, असा नियम होता. यादीतून नाव खोडलं जाई. पण कोणी फाइल उघडून बसलं असेल, तर त्याने ती बंद करेपर्यंत यंत्राला पुसता येत नसे. एकदा बंद केली की पुन्हा उघडायची सोय नाही. म्हणून खोतांनी बायकोची फाइल कधी बंदच केली नव्हती. भाजी निवडतानाचं कुमुदचं गुणगुणणं घरात दिवसभर चाले.

आज खोतांच्या संगणकातला, फाइली सांभाळणारा जुना ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून नवा बसवायचा होता. त्यासाठी साठ्याच्या कचेरीतून आलेली शर्वाणी हळूच म्हणाली, "काका, बंद करावी लागेल. माझा इलाज नाही."

"मीच करतो," खोत म्हणाले.

घर गप्प झालं. शर्वाणी पडद्याकडे बघत घुटमळली.

"काका, पुसली नाही गेली. आणखी कोणीतरी उघडून बसलंय."

"कोण?"

"नाव दिसत नाही. नुसता आकडा दिसतो. एक."

त्यांना मूलबाळ नव्हतं. कुमुदला माहेरचंही कोणी उरलं नव्हतं.

शर्वाणी गेल्यावर खोतांनी गंजलेलं कुलूप शोधलं, तेल घालून दाराला लावलं आणि रस्त्यात भेटणारा प्रत्येक चेहरा निरखत ते चालू लागले.