कलमाचा चाकू

शिवांगीनं मुळासकट उपटलेलं गुलाबाचं झाड नागप्पाच्या पुढ्यात ठेवलं. खोड जिथं मुळाला मिळतं तिथं लिंबाएवढी खडबडीत गाठ होती. तिच्या शेजारी आणखी दोन, बारक्या.

"किती झाडांला हाय?" नागप्पानं विचारलं.

"चाळीस उकरून बघितली. एकतीसला निघाली."

शिवांगी लातूरला शेतीच्या कॉलेजात शिकत होती. मागच्या खेपेला एक झाड तिनं तिथल्या सरांकडं तपासायला नेलं होतं. काल ती देगलूरजवळच्या या रानात परत आली आणि आज सकाळीच तिच्या आईनं, धुरपताबाईनं, नागप्पाला निरोप धाडला. दोन वर्षांपूर्वी इथल्या जंगली गुलाबाच्या खुंटांवर तांबड्या गुलाबाचे डोळे भरून त्यानंच कलमं केली होती. चाळीस वर्षं तो गावोगाव फिरून हेच काम करत आला होता.

"जंतू हायेत, आप्पा," शिवांगी म्हणाली. "मातीत असतेत. झाडाला जखम झाली की आत शिरतेत. मग झाड स्वतःच्याच अंगात त्यांच्यासाठी गाठ वाढवत बसतं. औषध न्हाई. उपटून जाळायचं."

"जखम कशाची?"

शिवांगीनं आईकडं बघितलं. धुरपताबाई घाईनं म्हणाली, "नर्सरीतून आणलेले खुंटच खराब असतील. खुरपं बी लागतंयच की. तुमी कामून मनाला लावून घेता?"

"तिला सांगू द्या, आक्का."

"चाकूनं पसरतंय," शिवांगी मातीकडं बघत म्हणाली. "एका झाडाला असलं आन् तोच चाकू पुढच्याला लावला, की त्याला बी लागतंय. दर झाडाला स्पिरिटनं पुसावा लागतोय."

नागप्पानं कमरेचा चाकू काढून उघडला. घासून घासून त्याचं पातं निम्मं झालं होतं.

"मी धोतरानं पुसायचो," तो म्हणाला. मग चाकू मिटत, "लई निगुतीनं पुसायचो."

धुरपताबाईनं चहा आणला. त्यानं कप हातात घेतला, पण प्यायला नाही. "तुमच्या आधी व्यंकटकडं होतो. तुमच्यानंतर शेषेरावकडं. मग मारोतीच्या मळ्यात..." तो बोटं मोजत होता. दोन्ही हातांची संपली तेव्हा थांबला.

"सांगत फिरलात तर कुणी कामाला बोलावणार न्हाई, आप्पा," धुरपताबाई हळूच म्हणाली. "त्यांचं त्यांला कळंल की."

"कळंस्तोवर त्याच झाडांच्या काड्या ते कलमाला पुढं वाटतील."

कप तसाच ठेवून तो उठला.

व्यंकटच्या गावाच्या फाट्यावर तो एसटीतून उतरला तेव्हा दुपार कलली होती. फाट्यापासून रान जवळच, पण तो वाटेत दोनदा बसला. रानात गुलाब ऐन भरात होता. दोन बाया फुलं तोडून ओटीत टाकत होत्या. व्यंकटनं लांबूनच ओळखलं, पुढं येऊन त्याच्या हातातली पिशवी घेतली.

"बरं झालं आलात, आप्पा. मी फोनच करणार होतो. दीडशे खुंट तयार हायेत, औंदा पल्याडचा तुकडा बी गुलाबालाच धरलाय. घरी बायकोला चहा टाकायला सांगतो."

पहिल्याच झाडापाशी नागप्पा उकिडवा बसला आणि बोटांनी बुंध्याजवळची माती उकरू लागला. गाठ दिसायच्या आधीच बोटांना लागली. त्यानं हात तिथंच ठेवला.

"काय बघून राहिलात?" व्यंकटनं वाकून विचारलं.

"बायांला फुलं तोडून घेऊ दे," नागप्पा म्हणाला. "मग कुदळ आण."