पाण्याला वाट
हे गेल्यापासून मी मागच्या बागेचं दार उघडलं नव्हतं. लेकीने मन रमावं म्हणून मला चिनी अक्षरांच्या वर्गात घातलं, तर तिथल्या बाईंनी गिरवायला दिलेल्या अक्षराचा अर्थ निघाला ओसाड, वाऱ्यावर सोडून दिलेलं. अक्षरात वर गवत, मध्ये नाहीसं झालेलं काहीतरी आणि तळाशी वाहत्या पाण्याच्या तीन रेघा. गवत मला झकास जमलं, पाणी काही केल्या जमेना. "किती दाबता कुंचला? रेघा चिकटतायत," बाई म्हणाल्या. "पाण्याला वाट ठेवा." घरी आले, तर स्वयंपाकघराच्या भिंतीवरची ओल आणखी वर चढलेली. ती बागेकडचीच भिंत. मी बाह्या सरसावल्या, यांचं खुरपं उचललं आणि दार ढकललं. गवत कमरेपर्यंत आलं होतं. "आई, माळ्याला बोलावते ना," लेक कळवळली. "यांच्या वाफ्यांना परका हात नको," मी म्हटलं आणि खाली बसले. अंधार पडायच्या आत गवताखाली तुंबलेलं गटार सापडलं. ते मोकळं केलं, तसं साचलेलं पाणी खळखळत निघून गेलं. पुढच्या वर्गाला तळहात फोडांनी भरलेले होते, कुंचला दाबायची सोयच नव्हती. तिन्ही रेघा हलक्या, सुट्या उतरल्या. "आता कसं," बाई खूश झाल्या. "घरी भिंतीवर लावा." मी कागद त्यांच्याकडेच सरकवला. "तुम्हीच ठेवा, बाई. आमच्याकडे आता याला जागा नाही."