मोठ्या मालकिणीचं बोलणं

आभाळ भरून आलं होतं आणि कापूस वेचणाऱ्या बाया कडुनिंबाखाली बसून होत्या.

झुंबरबाई बांधावर उभी राहून ओरडत होती. सावद्याच्या शिवारातलं हे तिच्या सासऱ्याचं, उखर्डू आबांचं शेत. लग्न होऊन आल्यापासून कापसाची वेचणी तिच्याच आवाजावर चालत आली होती. पण या वर्षी गावच्या बाया मिळाल्या नाहीत. साक्रीकडच्या डोंगरातल्या भिल्ल बाया आणाव्या लागल्या. त्यांना आणणारा मुकादम हिलाल आल्या आल्याच तापाने पडला आणि त्यांची बोली घरात एकट्या मंजुळेला येत होती. मंजुळा तिची धाकटी जाऊ, साक्रीचीच. माहेरच्या शेतात या लोकांमध्ये वाढलेली. आजवर तिच्या बोलण्यात ‘आहे’च्या जागी येणाऱ्या ‘शे’ला सगळं घर हसायचं. आता कापसाचं काही निघालं की आबाच म्हणत, “मंजुळेले इचारा.”

“सांग त्यायले,” झुंबरबाई तिला म्हणाली, “पाऊस आला तं समदा कापूस मातीत जाईन. बसायले आनलं का तुम्हाले? काम जमत नशीन तं दुसऱ्या बाया पाहीन म्हना. उठा म्हना आधी.”

मंजुळा बायांकडे वळली आणि हळूच एवढंसं काही बोलली. एक जण हसली. मग सगळ्या उठल्या, कमरेला कापूस भरायच्या ओट्या बांधल्या आणि झाडांच्या ओळींत आपापल्या पाथेला लागल्या.

झुंबरबाईने मंजुळेला हाताने जवळ बोलावलं.

“मी येवढं बोलली अन् तू येवढंसंच. काय सांगतलं?”

“तेच, आक्का. थोडक्यात.”

“मंग ते हासली कायले?”

“त्या बठ्ठ्या हसऱ्याच शेतस, आक्का.”

मंजुळाही ओटी बांधून त्यांच्यात शिरली. वेचता वेचता तिचं बोलणं चालू होतं. झुंबरबाईला त्यातलं काही कळत नव्हतं. ‘मोठी मालकीण’ एवढे दोन शब्द मात्र रोज कानावर यायचे. ते आले की बाया मान वळवून बांधाकडे बघायच्या. आताही बघितलं. ही आपली नक्कल करते, झुंबरबाईला खात्रीच वाटली. आपल्याच शेतात, आपल्याच तोंडावर.

“मंजुळा, घरी जाय,” तिने हाक मारली. “सांजच्या भाकरी टाक. इथं मी हाये.”

मंजुळेने ओटी सोडून बांधावर ठेवली आणि ती वाटेला लागली.

झुंबरबाई शेतात उतरली. “हात चालवा,” ती म्हणाली. बाया तिच्याकडे पाहून हसल्या. त्यांच्यातली सर्वांत थोराड बाई, भुरी, पाथ सोडून पुढे आली. तिने कमरेची गाठ सोडली, पानात बांधलेली मोहाची वाळकी फुलं झुंबरबाईच्या हातावर ठेवली आणि बराच वेळ काहीतरी सांगत राहिली. सांगून झाल्यावर ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. बाकीच्या बायांचेही हात थांबले. वर आभाळ आणखी काळवंडलं.

झुंबरबाईने बांधावर चढून वाटेला लागलेल्या मंजुळेला स्वतःच हाका मारल्या.

मंजुळा धापा टाकत आली. भुरीचं ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

“काय म्हनते ते?”

“काही नाही, आक्का.”

“समदं सांग. थोडक्यात नको.”

मंजुळेने मान खाली घालून सांगितलं. भुरी म्हणते, लेकुरवाळ्या बायांना कुणी कामावर घेत नाही. घेतलं तर शेताच्या पार टोकाला लावतात. मोठ्या मालकिणीने मात्र पहिल्याच दिवशी त्यांना निंबाजवळच्या पाथा दिल्या, फांदीला बांधलेल्या झोळीतलं लेकरू रडलं तर आईला ऐकू यावं म्हणून. आजही तिने दटावलं नाही. पाजून झालं असेल तर उठा, एवढंच म्हणाली. बाई दिसते कडक, पण आईच्या मायेची आहे.

झुंबरबाईला पहिला दिवस आठवला. लेकरंवाल्या निंबाकडे वेगळ्या काढ, असं ती म्हणाली होती खरी. त्यांचा हात चालत नाही, माझ्या डोळ्यासमोर राहू दे, असं म्हणाली होती.

तिने मंजुळेकडे पाहिलं. या पोरीने नक्कल केली असती तर सोसायला सोपं गेलं असतं.

“सांग त्यायले,” ती म्हणाली, “हे मी बोलली नव्हती. तू बोलली.”

“राहू द्या ना, आक्का.”

“सांग.”

मंजुळा बायांकडे वळली. या वेळी ती पुष्कळ बोलली. भुरीने मान हलवत सगळं ऐकून घेतलं. मग पुढे होऊन आपले खरखरीत हात झुंबरबाईच्या गालांवरून फिरवले आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. बाया पुन्हा कापसाला लागल्या.

“काय सांगतलं?” झुंबरबाईने विचारलं.

“तुम्ही सांगं तेच, आक्का,” मंजुळा म्हणाली आणि रिकाम्या पदराचीच ओटी करून आपल्या पाथेत शिरली.

झुंबरबाईने मोहाची फुलं पदराच्या टोकाला बांधली, बांधावरची ओटी कमरेला आवळली आणि मंजुळेच्या शेजारची पाथ धरली. वेचायची सवय कधीच मोडली होती. बोंडांची टोकं बोटांत घुसत होती. तरी ती थांबली नाही. मंजुळा किती पुढे गेली, तेवढं मात्र डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत राहिली.