नावीन्य : चाळीस गुण

“पण यात नवीन काय?” संशोधन समितीच्या अध्यक्षांनी तिसऱ्यांदा विचारलं.

लांब टेबलाच्या टोकाशी डॉक्टरीणबाई समोर फाइल उघडून उभ्या होत्या. नवजात बाळांना शस्त्रक्रियेआधी भुलीचं औषध किती द्यायचं, ते ठरलेलं होतं. ते प्रमाण बरोबर आहे का, एवढंच त्यांना पुन्हा तपासायचं होतं. सहा महिन्यांत त्यांच्या वॉर्डातल्या दोन बाळांचा श्वास भुलीनंतर अडकला होता. आज परवानगी मिळाली नाही, तर उद्याच्या बाळालाही तेवढंच औषध टोचलं जाणार होतं.

“नवीन काहीच नाही,” त्या म्हणाल्या. “जुनंच आहे. ते खरं आहे का, ते बघायचंय.”

“अहो बाई, वीस वर्षं सगळीकडे हेच चाललंय. शिळ्या कढीला ऊत आणायला नाही बसलो आपण इथे.”

अध्यक्षांना हशा हवा होता, तो मिळालाही. त्यांच्या पुढ्यातल्या फॉर्मवर नावीन्याला शंभरातले चाळीस गुण होते. खरेपणाला रकानाच नव्हता. छापणाऱ्याला तो सुचला नसावा.

हसले नाहीत ते फक्त खिडकीजवळचे म्हातारे डॉक्टर. औषधाचं ते प्रमाण त्यांनीच एका लेखात मांडलं होतं, आणि त्या एका लेखावर त्यांना नाव मिळालं, या समितीतली खुर्चीही मिळाली. त्यांच्यासमोर त्यांचंच काम तपासायची परवानगी मागायची म्हणजे पाण्यात राहून माशाशी वैर. बाईंना भीती वाटत होती, म्हणून तर त्यांनी एकदाही तिकडे पाहिलं नव्हतं.

“मग नावीन्याला शून्य,” अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं. “सर, तुमची काही हरकत?”

म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी फाइल उचलली आणि त्या दाराकडे वळल्या.

“थांबा हो, बसा जरा.” म्हाताऱ्यांचा आवाज फाटला. “माझ्या त्या लेखात अकरा बाळं आहेत.”

“हो तर, सर. आम्ही शिकवतो ना तो लेख,” अध्यक्ष म्हणाले.

“बारा होती. बारावं भुलीतून उठलंच नाही. ते मी मोजलं नाही.”

अध्यक्षांचं पेन कागदावर टेकलं होतं, तिथेच राहिलं.

“लिहा की,” म्हातारे डॉक्टर म्हणाले. “नवीन हवं होतं ना तुम्हाला?”