झोपण्यापुरती जागा

तुरुंगाचा शिपाई मालाकी सिनापातीचं घर मोजायला आला आणि टेप हातात धरून नुसताच उभा राहिला. समोआतलं घर ते, भिंती नाहीतच. खांब, वर छप्पर, खाली चटया, आणि चटयांवर माणसंच माणसं. लेकी, सुना, नातवंडं, कुणाची तरी पणजी.

तुरुंगात कैदी दरवर्षी वाढतच होते. नवा बांधला, तोही बघता बघता तुडुंब भरला. कोठडीत एकाने कूस बदलली की सगळ्या रांगेला बदलावी लागे. शेवटी सरकारने ठरवलं, चांगलं वागणाऱ्यांना लवकर घरी सोडायचं. अट एकच, घरात झोपायला जागा हवी.

सिनापातीचा मुलगा पेसामिनो रग्बीच्या सामन्यात एकाचा जबडा मोडून आत गेला होता. जबडेवाल्याच्या घरच्यांनी कधीच माफ केलं होतं, एका पंगतीत जेवणंही झाली होती. आता घोडं अडलं होतं ते या जागेपाशी.

"मावशी, आमच्या कोठडीत याहून मोकळं आहे हो," मालाकी म्हणाला. त्याला मनापासून वाईट वाटत होतं. पोरगा गुणी होता. पण खोटं सांगणं मालाकीच्या रक्तातच नव्हतं.

"उभ्या माणसांवरून काय कळणार? झोपल्यावर बघा," सिनापाती म्हणाली आणि तिने सगळ्यांना हाक मारली.

भर दुपारी अख्खं घर आडवं झालं. शेजारणी हातातली कामं टाकून बघायला आल्या. या खांबापासून त्या खांबापर्यंत मुंगी शिरायला वाव नव्हता. मालाकीने गुपचूप टेप गुंडाळून खिशात टाकली.

"सरका," सिनापाती म्हणाली.

आवाज चढवलाही नाही तिने. पणजीने पाय पोटाशी घेतले. एक पोर बापाच्या पोटावर चढलं. थोरली सून सात महिन्यांची पोटुशी, तीसुद्धा कुशीवर वळली. कुरकुरत, एकमेकांना कोपरं मारत, हसत सगळे सरकले, आणि मधोमध चटई दिसायला लागली.

"पडून बघा साहेब. पेसामिनो तुमच्याच अंगाचा आहे."

मालाकी दांडगा गडी. सरकारी काम म्हणून आडवा झाला आणि चक्क मावला. समुद्रावरून गार वारा येत होता. शेजारच्या पोराने खुशाल त्याच्या पोटावर पाय टाकला. मालाकीचे डोळे कधी मिटले ते त्यालाही कळलं नाही.

कुणीतरी त्याच्या तळव्याला टिचकी मारली.

"उठा आता," सिनापाती म्हणाली. "ती जागा माझ्या पोराची आहे."

मालाकी ओशाळून उठला. जागा आहे, एवढंच म्हणाला आणि चपला शोधायला लागला. निघताना त्याने वळून पाहिलं. सगळे तसेच अंग चोरून पडले होते, आणि मधली चटई मोकळीच होती.