गोमती बोटीचा मुक्काम

"वहिनी, गोमती आजून वेरावळलेच शे," पेपरातून डोकं वर न काढता छगनने सांगितलं.

सुंदरबाईच्या अंगाची लाही लाही झाली. बोटीला त्या वेरावळ बंदरात आठवडा उलटून गेला होता.

तिचा नवरा पितांबर त्या बोटीवर माल मोजणारा कारकून. त्याने बायकोला दागिने कमी आणि बोटीची माहितीच जास्त दिलेली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या सुंदरबाईला सारं पाठ होतं: लांबी दीडशे फूट, धुराडं एक, पोटात सुटं मीठ नाहीतर धान्य, फार तर पाचशे टन. एवढीशी बोट दोन दिवसांत रिकामी होते, हेही त्यानेच सांगितलेलं. मग उरलेले दिवस हा बाबा कुणाच्या घरी जेवतो?

छगन नंदुरबार स्टेशनात मालबाबू, पितांबरचा बालमित्र. सुरतेच्या गाडीने आलेल्या इंग्रजी पेपरात कुठली बोट कुठल्या बंदरात आहे, ते तो तिला वाचून दाखवी. पितांबरपुढे माझं नाव काढू नका, एवढंच त्याचं म्हणणं. मित्राची चुगली करणं त्याच्या जिवावर येई.

सुंदरबाईने त्या वेरावळवालीला कधी पाहिलं नव्हतं. तरी ती कधी गोरी दिसे, कधी घाऱ्या डोळ्यांची, आणि दरवेळी आपल्यापेक्षा देखणीच. मत्सराने तिला घास गिळवेना.

दिवाळीला पितांबर आला. पाण्याचा तांब्याही न देता तिने विचारलं, "वेरावळले कितला दिन ऱ्हायनात?"

"दोन."

तोंडावर खोटं! तिने घर डोक्यावर घेतलं. पितांबरही तापट, माझ्यावर विश्वास नसेल तर राहू नकोस, म्हणाला. पंच बसले, फारकत झाली आणि तो समुद्रावर परत गेला.

छगन विधुर. तो तिला कधी उणा शब्द बोलला नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोघांचा पाट लागला.

पण जळणारं मन फारकतीने थोडंच विझतं? एके दिवशी ती छगनचा डबा घेऊन स्टेशनात गेली. तो मालधक्क्यावर होता. पुण्याहून नवा आलेला बाबू पेपर वाचत बसला होता. तिने सहज म्हणून गोमतीचा ठावठिकाणा विचारला.

बोट केवढी, बाबूने विचारलं. तिने लांबी, धुराडं, टन, सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

बाबूने पेपर मिटला.

"मग कशाला शोधायची, बाई? एवढ्या लहान बोटींची नावं या पेपरात कधीच येत नाहीत."