घाटापलीकडचं घर

अंगणात पाऊल टाकताच अकरा वर्षांच्या मुक्ताने कानांवरचे हात खाली घेतले. पुण्यात हॉर्न, मिक्सर, शेजारचं ड्रिल, काहीही वाजलं की ती किंचाळत भिंतीवर डोकं आपटायची. इथे मात्र ती ओट्यावर बसून धुळीत बोटाने रेघा ओढत राहिली.

"घेऊनच टाकू हे घर," तिचे बाबा, श्रीरंग, हळूच म्हणाले. "मी इथूनही काम करीन."

मुक्ताच्या आईने, नलिनीने, म्हाताऱ्या घरमालकांना विचारलं, "काका, मोठा दवाखाना कुठे? हिला फिट येते. लांबली, तर अर्ध्या तासात आयसीयू गाठावा लागतो."

काकांनी टोपी काढून हातात घेतली. "घाट उतरून दोन तास, ताई. पावसाळ्यात दरड आली, तर रस्ताच बंद. खोटं कशाला सांगू?"

श्रीरंगनी नलिनीकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली. त्यांनीही वाद घातला नाही.

निघायला वळले, तर मुक्ता ओट्यावरच झोपली होती. भर दुपारी, झोपेच्या औषधाशिवाय. असं कधीच झालं नव्हतं.

"उठवायचं ना?" श्रीरंगनी विचारलं.

"तू उठव," म्हणत नलिनी लेकीशेजारी बसली. थोड्या वेळाने तेही बसले.